खंडू, तुझी हाळी व्हिएन्नाला गेली होती

खंडू, धावड्याच्या फाट्यावर तुझा श्रद्धांजलीचा फलक लागलाय आणि त्यात तुला कोट घातलाय. निळा कोट, लाल टाय. फोटोवाल्याकडं तो तयारच असतो. वर मुंडकं कुणाचंही असो, खाली कोट तोच. जन्मभर खांद्यावरचं घोंगडं उतरवलं नाहीस, आणि आता बँकेच्या मॅनेजरसारखा येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीकडं बघत उभा आहेस. काल मी फाट्यावर उतरलो तेव्हा तुझ्यासमोर थोडा थांबलो. हसू आलं. मग शेजारच्या पानवाल्याला म्हणालो, "हा कोट मीच दिल्ता त्याला. व्हिएन्नाहून आणला." पानवाला म्हणाला, "असं का." पुढं काहीच नाही. बघ, तू नसलास की लोक लगेच विश्वास ठेवतात. मजाच गेली.

तू असतास तर उजवा हात उचलून हवेत आडवा फिरवला असतास, विळ्यानं ज्वारी कापावी तसा. त्या हाताचा अर्थ सगळ्या धावड्याला पाठ होता. उत्तम कंडक्टर, म्हणजे मी, जे बोलला, त्यातलं अर्धं कापून घ्या.

आपली पहिली भेट आठव. मी भोकरदन-धावडा गाडीवर नवाच लागलो होतो. गावाच्या अलीकडच्या वळणावर तुझी मेंढरं रस्ता अडवून उभी. सातशे मेंढरं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हॉर्नचा घसा बसवला. मी शिट्टी फुंकली. गाडीतली ऐंशी माणसं खाली उतरून हाकलायला लागली, एका म्हातारीनं तर मेंढरांपुढं हात जोडले. मेंढरं ढिम्म. मग वरच्या टेकडीवरून एक आवाज आला. एकच. आणि अंगावरची चादर कुणीतरी ओढून घ्यावी तसा रस्ता मोकळा झाला. तू घोंगडं सावरत खाली आलास. मी म्हणालो, "काय राव, सातशे मेंढरं एका आवाजात?"

तू म्हणालास, "एकशेवीस. अन् गाडीत तीस माणसं बी न्हाईत."

म्हणजे नाव-गाव विचारायच्या आधीच तू कापायला सुरुवात केली होतीस.

तुझा हात नुसता माझ्या गोष्टींपुरता नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. माझी मालती गेली तेव्हा तू भोकरदनला आलास आणि ओट्यावर तीन दिवस बसून राहिलास. माणसं भेटायला यायची आणि मी प्रत्येकाला सांगायचो, बाई अशी होती की चाळीस वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. अरे, मालतीचा आवाज स्टँडपर्यंत जायचा. मी गाडीत उशीर केला की गाडी डेपोत शिरायच्या आधी मला घरचं ऐकू यायचं. तुला हे सगळं ठाऊक होतं. मी बोलताना तुझ्याकडं बघितलं. तुझा हात मांडीवरच होता. हे मी तेव्हा मनात ठेवलं नाही. ठेवायला पाहिजे होतं.

सेवानिवृत्तीनंतर दर गुरुवारी मी तुझ्याकडं यायचो. वाघदऱ्याच्या काठावरचा तो लिंब, तू, मी आणि सुभद्रावहिनीनं दिलेली भाकरी. वाघदरा म्हणजे गावामागच्या डोंगरातली अरुंद घळ. तिथं वाघ कुणी पाहिला नाही; मी तीन पाहिलेत, पण ते जाऊ दे. घळीच्या या काठावर तुझं वाडगं, त्या काठावर चराई. संध्याकाळी तू या काठावर उभा राहून हाळी मारायचास. समोरच्या उतारावर पांगलेली मेंढरं मान वर करायची, वळायची, घळीत उतरायची आणि इकडून चढून वाडग्यात शिरायची. तुला एक पाऊल टाकावं लागत नव्हतं.

मेंढक्याची हाळी ज्याची त्याची असते, हे तूच मला शिकवलंस. एकदा मी गंमत म्हणून तुझी नक्कल करायला तोंड उघडलं तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. "दुसऱ्याची हाळी मारू नये. मेंढरू फसतं. अन् एकदा फसलं की मंग खऱ्या हाळीला बी मान वर करत न्हाई." मी एवढ्या जणांना एवढं फसवलं, पण असा धसका कधी घेतला नव्हता. त्यानंतर मी वाघदऱ्यात शीळसुद्धा घातली नाही.

मग आमच्या रेणूनं व्हिएन्नाला बोलावलं. पोरगी तिथं नोकरीला, तीन वर्षं म्हणत होती, बाबा या. फोनवर म्हणाली, इथं गाण्या-बजावण्याचं एक जुनं सभागृह आहे, आतून सगळं सोनेरी, आणि तिथं आवाज जसा ऐकू येतो तसा जगात क्वचित येतो. झालं. मी पुढच्या गुरुवारी लिंबाखाली तुला सांगितलं की तिथं स्टेजवर टाचणी पडली तर शेवटच्या खुर्चीतला माणूस दचकतो आणि बाहेरच्या रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागतं.

तुझा हात आडवा फिरला. मग म्हणालास, "आवाज आतल्या आत कोंडून ठेवायला एवढा खर्चा केला त्यांनी?"

"कोंडून नाही रे. गोल फिरवतात."

"वाघदरा काय करतो मंग? तो बी फिरवतो. फुकटात. अन् त्याच्या आवाजावर मेंढरं येतेत. तुह्या सोन्याच्या खोलीत कोण येतं?"

"राजे यायचे. बादशहा यायचे."

"हाळी मारल्यावर येतेत का?"

पुढचे चार गुरुवार आपण यावरच भांडलो. मी म्हणायचो सभागृह, तू म्हणायचास वाघदरा. शेवटी तू भाकरीचा तुकडा खाली ठेवलास आणि म्हणालास, "जाऊनच राह्यला ना तू? मंग माही हाळी घेऊन जा. एकदा मार तिथं. परत काय येतं ते कान देऊन ऐक. आल्यावर सांग, मंग बोलू."

मी म्हणालो, "दुसऱ्याची मारू नये म्हणतोस ना?"

"म्या देऊन राह्यलो न्हवं? अन् एकदाच. तिथं कोणतं मेंढरू फसणारंय."

त्यानंतर चार दिवस तू मला घळीपासून लांब, रस्त्यापलीकडच्या पडीक रानात नेऊन शिकवलंस. पहिला भाग लांब आणि खालून, मध्ये एक मुरड, आणि शेवटी छोटा, वर उचललेला. मी एवढा ओरडून ओरडून नोकरी केलेला माणूस, पण तुला पटेना. "गळ्यातून न्हाई. गळ्यातून तिकिटं फाडतेत. पोटातून काढ." चौथ्या दिवशी तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "चालंल." तुझ्या तोंडून "चालंल" म्हणजे दुसऱ्यानं हत्तीवरून साखर वाटावी तसं.

परत आल्यावर मी तुला जे सांगितलं ते तर गावाला तोंडपाठ आहे. दोन हजार माणसं. मधोमध कोट घातलेला मी. मी हाळी मारली आणि वरची झुंबरं हलली, खांबांवरच्या सोन्याचा वर्ख सुटून माझ्या खांद्यावर पडला. माणसं उभी राहिली, एक म्हातारी बाई रुमालानं डोळे पुसायला लागली, आणि सगळं शांत झाल्यावर शहराबाहेरच्या डोंगरावरून कुठली तरी परकी मेंढरं उत्तर देऊन राहिली.

मी सांगत होतो आणि तुझ्या हाताकडं बघत होतो. तो हलला नाही. तू तळव्यावर तंबाखू मळत राहिलास, मला म्हणालास, "बरं झालं," आणि समोरच्या उताराकडं बघितलंस. खंडू, त्या दिवशी मी भोकरदनपर्यंत एसटीत बसलोच नाही, तरंगत गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझी एक गोष्ट तू सगळीच्या सगळी ठेवून घेतली होतीस. पुढं दीड वर्ष मी ती दर गुरुवारी सांगितली. दर वेळी झुंबरं जास्त हलली. तुझा हात एकदाही उठला नाही.

आता खरं काय झालं ते सांगतो. कापायला तू नाहीस, म्हणून मीच कापून देतो.

सकाळची वेळ होती. दोन हजार खुर्च्या खऱ्या, पण रिकाम्या. सभागृह दाखवायला नेतात तसे आम्ही अकरा जण. माझ्या अंगावर मेव्हण्याच्या लग्नातला कोट, काखेत उसवलेला. आत पाऊल टाकलं आणि मी खरंच गप्प झालो. रेणूला वाटलं मला चक्कर आली. दोन्ही बाजूंना सोन्याच्या बायकाच खांब होऊन उभ्या, छतावर चित्रं, खाली लाकडी जमीन. दाखवणाऱ्या चष्मेवाल्या बाईनं सांगितलं की ही जमीन खालून पोकळ आहे आणि छत वरून टांगलेलं आहे, म्हणून आवाज घुमतो. रेणूनं मराठीत सांगितलं तेव्हा मला जत्रेत तू वाजवायचास तो ढोलच आठवला. आपण ढोलाच्या पोटात उभे आहोत, एवढंच माझ्या मनात आलं.

मग ती बाई म्हणाली, कुणाला आवाज करून बघायचा असेल तर करा. एका बाईनं टाळी वाजवली. एका उंच गृहस्थानं गाण्याची ओळ म्हटली, इतकी स्वच्छ, की ती संपल्यावरही थोडा वेळ हवेत उभी होती. रेणूनं फोन काढला. "बाबा, खंडूकाकांची हाळी मारा. मी घेते."

मी पुढं गेलो. पोटात श्वास भरला. सगळे माझ्याकडं बघत होते, चांगल्या कपड्यातली, चांगली माणसं. आणि खंडू, मला लाज वाटली. तुझी. सोन्याच्या बायकांपुढं मेंढरं हाकायची हाळी मारायची म्हणजे कसं, असं वाटलं. पोरगी तयार होती, ती बाई तयार होती, सभागृह तर शे-दीडशे वर्षं तयारच होतं. कोटातला मी तेवढा तयार नव्हतो. पण तोंड उघडून झालेलं, श्वास भरलेला, काहीतरी बाहेर पडणं भागच होतं. जे पडलं ते हे:

"चला, पुढं सरका. दार सोडा, पुढं सरका."

बाकी कशाला काही का म्हणेना कुणी, पण आवाज घुमला. छताला गेला, गोल फिरला आणि माझ्याच कानात येऊन मला म्हणाला, पुढं सरका. त्या बाईनं हात छातीशी नेऊन विचारलं, हे तुमच्याकडचं प्रार्थनागीत का? रेणू हो म्हणाली. बापाची पोरगी.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, हे कुणाला दाखवू नकोस. ती म्हणाली, बरं.

सांगायचं होतं रे तुला. तंबाखू मळताना, भाकरी मोडताना, दर गुरुवारी येता येता मी ठरवायचो की आज सांगू. आणि उतरलो की तू विचारायचास, "मंग, झुंबरं किती हलली?" आणि माझी गाडी सुटायची.

तू गेलास ते उताराला पाठ टेकून, बसल्या बसल्या, दुपारी. त्यावर मी काही बोलणार नाही. ती एक गोष्ट अशी आहे की मला वाढवता येत नाही.

पण पाचव्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी वाडग्यावर आलो तर सुभद्रावहिनी काठावर उभी. तुझा अंकुश जालन्याहून कारखान्याची रजा टाकून आलेला, त्याचा आवाज पार बसलेला. मेंढरं सकाळी पलीकडं जायची आणि संध्याकाळी वळायची नाहीत. चार दिवस रोज चार-पाच माणसं घळ उतरून जायची, मारून-मुटकून आणायची. त्यात एका मेंढीचा पाय मुरगळला. अंकुशला हाळी येत नव्हती. तू त्याला शिकवली नाहीस, तो कारखान्यात जाणार म्हणून. वहिनी म्हणाली, असंच राहिलं तर शनिवारी व्यापाऱ्याला सांगते, गाडी घेऊन येईल. सगळी देऊन टाकायची.

मी म्हणालो, "वहिनी, थोडे दिवस जाऊ द्या."

ती माझ्याकडं वळली. "भाऊजी, तुमच्यापाशी त्यांची एक हाळी हाय न्हवं?"

माझी जीभ सवयीनं सुटली. "ती तर मी व्हिएन्नात मारली ना. दोन हजार माणसं..."

"न्हाई मारली," वहिनी म्हणाली. शांतपणे. भाजीत मीठ नाही म्हणावं तसं. "आमाला ठाऊक हाय."

अंकुशनं खिशातून तुझा फोन काढला, त्यानंच तुला दिलेला जुना. बटण दाबलं. आणि वाघदऱ्याच्या काठावर, तुझ्या लिंबाखाली, मला माझाच आवाज ऐकू आला. चला, पुढं सरका. दार सोडा, पुढं सरका. मागून रेणूचं दाबलेलं हसू.

"रेणूताईनं तव्हाच पाठवल्तं," अंकुश म्हणाला. "कुणाला दाखवू नको म्हणले होते तुम्ही, पण ती म्हणे खंडूकाका कुणी थोडेच हायेत. बाबा रोज ऐकायचे. मेंढरं चरायला लागली की लिंबाखाली बसून."

मी म्हणालो, "काय म्हणायचा?"

"म्हणायचे, जागा चांगलीय. उत्त्याचा आवाज बघ कुठं फाटला न्हाई. वाघदऱ्याहून बी साफ येतो. पण त्याला सांगू नको, लई फुगंल."

दीड वर्ष, खंडू. चार गुरुवार तू माझ्याशी वाघदऱ्याच्या बाजूनं भांडलास आणि दीड वर्ष माझ्या पाठीमागं सभागृहाला मत देत राहिलास. दर गुरुवारी तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू विचारायचास झुंबरं किती हलली. तेव्हा मला भोकरदनचा ओटा आठवला, आणि मांडीवरचा तुझा हात. तू माझ्यावर विश्वास ठेवलास असं मी समजत होतो. तू तर मला सांभाळून घेत होतास. राग आला मला तुझा. अजून आहे. एकदा हात फिरवला असतास तर मी सगळं ओकलो असतो, आणि आपण दोघं पडेपर्यंत हसलो असतो. ते हसू तू ठेवून घेऊन गेलास, याबद्दल तुला माफी नाही.

अंकुश म्हणाला, "हाळीचं विचारलं तर म्हणायचे, त्यानं ती मारली न्हाई म्हंजे अजून त्याच्यापाशीच हाय. राहू दे."

वहिनी बाजूला सरकली. माझ्यासाठी काठ मोकळा केला.

सांगतो, मला व्हिएन्नापेक्षा जास्त भीती वाटली. तिथं मेंढरू नव्हतं. इथं समोरच्या उतारावर सगळा तुझा संसार चरत होता, आणि मी चुकलो, मेंढरं फसली, तर ती पुढं कुणाचंच ऐकणार नव्हती. शनिवारची गाडी ठरलेलीच होती. पहिल्या श्वासाला नुसती हवा निघाली. अंकुशनं मान खाली घातली. मग मी कोट काढला. हो, तोच, तेराव्यापर्यंतच्या बसण्या-उठण्यासाठी घातला होता. काढून लिंबाच्या फांदीवर टाकला आणि पाय रोवले. लांब, खालून. मध्ये मुरड. शेवटी छोटा, वर उचललेला.

हाळी पलीकडच्या कड्याला लागून परत आली. गुरुवारपासून मी सगळ्या धावड्याला सांगणार आहे की परत येताना ती तुझ्या आवाजात आली, आणि पानवाला म्हणणार आहे, असं का. तुला मात्र खरं सांगतो. ती माझ्याच आवाजात आली, मुरडीपाशी जरा चिरकलेली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती म्हातारी मेंढी, कान तुटलेली, तुझी लाडकी, तिनं मान वर केली. इकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं तिनं माझ्या हाळीतलं अर्धं कापलं. आणि उरलेल्या अर्ध्यावर ती घळीत उतरली. तिच्यामागून दुसरी. मग सगळा उतार हलला.

वहिनी वाडग्याचं फाटक उघडायला गेली. त्याच संध्याकाळी मी अंकुशला रस्त्यापलीकडच्या पडीत घेऊन गेलो. रोज नेतोय. गळ्यातूनच काढतो अजून, पण रजा वाढवलीय त्यानं, आणि व्यापाऱ्याला वहिनीनं येऊ नको म्हणून कळवलं.

अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मेंढरं आली, खंडू. अंकुशनं मोजली, मी नाही. पाय मुरगळलेली सगळ्यात शेवटी आली, पण आली. हात खालीच राहू दे.